सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा: ऑटिझमची शंका असलेल्या मोठ्या माणसांसाठी

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. इंदुरातलं, रामबागेकडचं एखादं मराठी घर, दुपारचा एक. कुकरची चौथी शिट्टी, बाहेरच्या खोलीत झांजा, उदबत्ती आणि धुपाचा धूर, समई विझेल म्हणून पंखा बंद, नव्या साडीची जर पोटरीला घासते आहे, आणि समोर उभी मावशी विचारते आहे, “काय गं, ओळखलंस का मला?” ओळखलेलं असतं. पण उत्तर तोंडातून बाहेर पडत नाही. डोकं भणाणतं, माणसांचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि पाचच मिनिटांत तुम्ही गच्चीच्या जिन्यात बसलेल्या असता. घरात कुणीतरी म्हणतं, “हिचं नेहमीचंच.”

असे प्रसंग तिशी-चाळिशीपर्यंत साठत आले, मग कुठे ऑटिझमबद्दल, म्हणजे स्वमग्नतेबद्दल वाचलं, आणि शाळेपासूनच्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतोय असं वाटलं, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. निदान व्हायला महिने लागू शकतात. भार मात्र आजपासून कमी करता येतो. कानात इअरप्लग घालायला सर्टिफिकेट लागत नाही. पुढे निदान ऑटिझमचं निघालं नाही, तरी यातलं फारसं काही वाया जाणार नाही.

ऐन वेळी

ओव्हरलोड, म्हणजे आवाज, उजेड, माणसं यांचा भार झेपेनासा होणं, अचानक आल्यासारखा वाटतो, पण बहुतेकदा त्याआधी काही वेळ शरीर काहीतरी सांगत असतं. जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जाते, वाक्यं तुटक होतात, कुणी साधं “चहा घेणार?” विचारलं तरी राग येतो. यातली तुमची दोन-तीन चिन्हं कोणती ते ठरवून ठेवा. ती दिसली की निघायचं. “एवढं आटपून जाते” म्हणून थांबलेली शेवटची दहा मिनिटंच महागात पडतात.

निघताना कारण सांगत बसू नका. एक वाक्य आधीच पाठ असू द्या: “मी वीस मिनिटांत येते.” वेळ सांगितली की माणसं मागे येत नाहीत. नुसतं “बरं वाटत नाहीये” म्हटलं की तिघी जणी हळद-दूध घेऊन हजर होतात.

जागा गाठल्यावर आधी दिवा बंद, मग कान झाका. पाठ भिंतीला टेकवा आणि दोन्ही तळपायांनी जमीन दाबा, किंवा उभं राहून तळहातांनी भिंत ढकला: दहा सेकंद जोर, दहा सेकंद सैल, पाच-सहा वेळा. स्नायूंवर पडणारा असा जोर बऱ्याच जणांना शांत करतो. मनगटांवर गार पाणी सोडा. श्वासाचं सगळीकडे सांगतात, पण श्वासाकडे लक्ष दिलं की काहींचा जीव आणखी घुसमटतो. तुमचं तसं होत असेल तर श्वासाचा नाद सोडा आणि काहीतरी मोजा: फरशा, जिन्याचे गज, बांगड्या. हात हलवावेसे वाटले, झुलावंसं वाटलं तर झुला. त्याला स्टिमिंग म्हणतात, आणि ते दाबून टाकण्यात जी ताकद जाते तिची आता गरज आहे. डोकं आपटण्यासारखं काही होत असेल तर मध्ये उशी घ्या.

स्कूटरवर असताना चिन्हं दिसली तर बाजूला लावा. विजयनगरच्या चौकात संध्याकाळी सातला ओव्हरलोडमध्ये गाडी चालवणं हा खरा धोका आहे. दहा मिनिटं पेट्रोलपंपाच्या कडेला उभं राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. घरी असाल तर गॅस बंद केलाय का ते बघा.

ओव्हरलोडचं टोक दोन तऱ्हांनी येतं. एक मेल्टडाऊन: रडणं, ओरडणं, वस्तू फेकणं. दुसरा शटडाऊन: बोलणं बंद, हालचाल मंद, माणूस समोर असून नसल्यासारखा. शटडाऊनला घरात ‘रुसलीय’ म्हणतात, त्यामुळे तो जास्त दुर्लक्षित राहतो. दोन्हींनंतर थकवा तासाभराचा नसतो. दुसरा दिवसही सुस्त जाऊ शकतो. त्या दिवशी मोठे निर्णय, राजीनामे आणि लांबलचक खुलाशाचे व्हॉट्सअॅप मेसेज टाळा.

घरच्यांसाठी चार ओळी लिहून फ्रिजवर लावा. एकानंच जवळ यावं. “काय झालं?” विचारू नये, कारण उत्तर शोधणं हाही भारच. विचारल्याशिवाय हात लावू नये. बाटलीत पाणी ठेवून दार ओढून घ्यावं. आणि दृष्ट काढायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी: मोहरी-मिरच्यांचा ठसका त्या क्षणी नको.

छातीत दुखणं, डावा हात जड होणं, शुद्ध हरपणं, असं काही पहिल्यांदाच झालं तर त्याला ओव्हरलोड समजून जिन्यात बसून राहू नका, दवाखान्यात जा. जीव नकोसा वाटतोय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. भाषा निवडता येते, मराठीही.

दोन आठवड्यांची वही

कशानं होतं याचा आपला अंदाज बहुतेकदा चुकतो. आपण शेवटच्या कारणाला धरून बसतो (सासूबाई बोलल्या, साहेबांनी बोलावलं), आणि त्याआधीचे पाच तास विसरतो. म्हणून चौदा दिवस लिहा. ओव्हरलोड झाला की चार गोष्टी: वेळ, आधीच्या तीन तासांत काय काय झालं, शेवटचं जेवण आणि झोप किती, सावरायला किती वेळ गेला. तीव्रता शून्य ते दहा. बायकांनी पाळीचा दिवसही लिहावा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि चाळिशीनंतर रजोनिवृत्तीच्या आसपास सहनशक्ती कमी होताना दिसते.

लगेच लिहिणं जमत नाही, तेव्हा रात्री दोन शब्द लिहिले तरी चालेल. नोंदी सुंदर करायच्या नादात तिसऱ्या दिवशी वही बंद पडते.

चौदा दिवसांनी बघितलं की साधारण असं दिसतं: मंगळवारच्या मीटिंगचा भार बुधवारी संध्याकाळी फुटला, किंवा सातातले पाच प्रसंग दुपारचं जेवण चुकलेल्या दिवशी झाले. ऑटिझममध्ये भूक, तहान, लघवी, थकवा यांच्या आतल्या खुणा उशिरा किंवा पुसट कळणं बऱ्याच जणांत असतं. तुमच्या वहीत हे दिसलं तर भुकेवर भरवसा ठेवू नका, घड्याळावर ठेवा. एक आणि साडेचारचा गजर लावा. रोज पोहेच जात असतील तर पोहेच खा, त्यात मूठभर शेंगदाणे टाका आणि वर दही घ्या. खाण्यात विविधता आणायचा प्रकल्प वाईट महिन्यात काढायचा नसतो.

आवाज

सगळ्यात जास्त मेहनत इथे करण्यासारखी आहे. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी: आवाज फारसा अडत नाही, आणि कान झाकल्याचं समाधान मात्र मिळतं. फोमचे इअरप्लग घ्या, पाकिटावर २५ ते ३३ डेसिबलच्या मधला आकडा बघा. ते नीट घातले नाहीत तर त्या आकड्याच्या निम्मंही मिळत नाही, आणि बरेच लोक ते चुकीचेच घालतात. हात धुवा. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवा, तो फुगेपर्यंत. मग तळहातांनी कान झाकून बघा: आवाज एकदम आणखी कमी झाला तर प्लग सैल बसलाय, पुन्हा घाला.

फोममध्ये बोलणं ऐकू येत नाही. लग्नात, ऑफिसात, जिथे बोलायचं आहे तिथे फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग बरे. ते आवाज पंधरा-वीस डेसिबलनं उतरवतात, पण शब्द कळतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बसचं इंजिन, एसी, पंखा अशी सलग घरघर छान कापतात. शिट्टी, भांडं पडणं, मुलाची किंकाळी त्यांना तितकीशी जमत नाही. पैसे घालण्याआधी तुम्हाला कोणता आवाज छळतो ते वहीत बघा.

दिवसभर प्लग घालून बसू नका. कान शांततेला सरावतात आणि मग चमचा पडला तरी दचकायला होतं. गरज असेल तेव्हा घाला, घरात शांत वेळी काढा. कान वाहत असेल किंवा मळ साठला असेल तर आधी डॉक्टर.

माहीत असलेला आवाज कमी टोचतो, अचानक आलेला जास्त. आपल्याकडे सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, तिची वेळ साधारण ठरलेली असते. पाच मिनिटं आधी कान झाकून घेतले तर सकाळची सुरुवात दचकून होत नाही. कुकरचंही तसंच: डाळ अर्धा तास भिजवा, पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि दहा मिनिटांनी बंद. डाळ शिजते, शिट्ट्या जवळजवळ होत नाहीत. मिक्सर लावताना “लावतेय गं” अशी हाक देण्याची पद्धत घरात पाडा. उन्हाळ्यातल्या कूलरचा आवाज मात्र काहींना चक्क आवडतो, कारण तो बाकीचे बारीक आवाज झाकून टाकतो. तुम्ही त्यातले असाल तर हिवाळ्यात टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून लावा.

डीजेपुढे प्लग हरतात. त्याचा दणका कानांबरोबर छातीतही जाणवतो, त्याला अंतर हाच उपाय. रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) बघायची हौस असेल तर राजवाड्याच्या बाजूला कुणाची तरी गच्ची पकडा, रस्त्यात उतरू नका. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात, तेव्हा वाटेवर घर असलेल्यांनी ती रात्र दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकाकडे काढलेली बरी. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे (सणांचे काही दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं). वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दहानंतरच्या डीजेसाठी ११२ ला फोन करणं म्हणजे खाष्टपणा नव्हे.

उजेड, कापड, वजन

पांढऱ्या झगझगीत एलईडीऐवजी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब आणि छताऐवजी कोपऱ्यातला दिवा, एवढ्यानं खोली बदलते. कपड्यांची लेबलं शिवण उसवून काढा. कात्रीनं कापली तर उरलेली कड जास्त टोचते. जरीच्या साडीखाली घोट्यापर्यंतचा मऊ सुती परकर घाला, ब्लाउजला मलमलचं अस्तर लावून घ्या. दुसरी साडी पिशवीत ठेवाच: आरतीपुरती जरीची, जेवणाला मऊ.

वजनदार पांघरुणाचं खूप ऐकू येतं. त्याचं वजन आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतकं असावं असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा किलो. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते अंगावर घेणं म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा सुती पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ भरून, मध्ये उभ्या-आडव्या शिवणी घालून मांडीवर किंवा खांद्यांवर घ्या. शिवणी घातल्या नाहीत तर सगळा तांदूळ एका कोपऱ्यात जातो. पावसाळ्यात सोंडे होतात, तेव्हा जूनच्या आधी तांदूळ बदला. मान, तोंड यांवर ठेवायचं नाही, आणि ते आपल्याच हातानं सहज बाजूला करता आलं पाहिजे.

उन्हाची झळ स्वतःच अर्धा ओव्हरलोड आहे. एप्रिल-मेमध्ये कामं सकाळी दहाच्या आत उरका आणि बाकीच्यांना नाही म्हणायला शिका.

माणसं आणि सणवार

सगळं टाळत गेलं की जग लहान होत जातं, आणि जे उरतं तेही जड वाटायला लागतं. म्हणून टाळण्याऐवजी आकार द्या. कार्यक्रमात गप्पांपेक्षा काम मागून घ्या: पानं मांडणं, पाणी वाढणं, आरतीचं तबक सांभाळणं, फोटो काढणं. काम हातात असलं की कुठे उभं राहायचं, किती बोलायचं हे आपोआप ठरतं, आणि “ती काही बोलत नाही” याऐवजी “किती राबते बाई” असं ऐकू येतं. जायची वेळ आधी सांगा, आल्यावर लगेच: “मला चारला निघायचंय.” परतीचं वाहन स्वतःचं. दुसऱ्याच्या गाडीतून गेलेला माणूस यजमानांचा चहा, मग सुपारी, मग फाटकातल्या गप्पा संपेपर्यंत अडकतो.

सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, पाहुण्यांना दाखवावाच लागतो. दुकानांची शटर पडून खाण्याच्या गाड्या लागत असतात तेव्हा, नऊच्या सुमाराला जा, एक गराडू (तळलेला कंद) आणि एक जोशींचा दहीवडा, की परत. अकराला तिथे पाय ठेवायला जागा नसते. खजराण्याच्या गणपतीला बुधवार सोडून, सकाळी लवकर. एका दिवसात एकच गर्दी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळ रिकामी.

ऑफिसात शंका असलेल्या निदानाचं नाव सांगायची घाई नको. नाव न घेताही मागता येतं: “तोंडी सांगण्याऐवजी मेलवर दिलंत तर चुका कमी होतील”, “भिंतीकडची जागा मिळाली तर काम लवकर उरकतं.” कामाचा फायदा पुढे ठेवला की सहसा नाही म्हणत नाहीत.

निदानाकडे

आधी दुसरी कारणं बघून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ (शाकाहारी घरांत हे कमी असणं नेहमीचं), झोप, मायग्रेन, कानाची तपासणी. आवाज-उजेडाचा त्रास लहानपणी अजिबात नव्हता आणि गेल्या सहा महिन्यांत सुरू झाला, तर ऑटिझमची शक्यता कमी आणि या यादीची जास्त. एडीएचडी (लक्ष टिकवण्याची आणि चंचलतेची अडचण), चिंता आणि जुने आघात यांचीही चित्रं बरीच मिळतीजुळती असतात, आणि ती ऑटिझमच्या बरोबरीनंही असू शकतात. कुणाच्या तरी पाकिटातली झोपेची गोळी घेऊन दिवस ढकलू नका. सवय लागते आणि तपासणीचं चित्रही गढूळ होतं.

ऑनलाइन चाचण्या भरायला हरकत नाही, पण त्या चाळणी आहेत. २००१ साली केंब्रिजमध्ये तयार झालेल्या एक्यू (ऑटिझम कोशंट) चाचणीत ५० प्रश्न आहेत आणि ३२ किंवा त्यावरचा आकडा लक्ष देण्याजोगा धरतात. आरएएडीएस-आर या मोठ्यांसाठीच्या दुसऱ्या प्रश्नावलीत ८० प्रश्न, उंबरठा ६५, पण चिंतेनं ग्रासलेला माणूसही तो सहज ओलांडतो. प्रश्न तिकडच्या जगण्यातून आलेत. संग्रहालय की नाटक, असा एक प्रश्न आहे. इंदूरच्या मराठी माणसाला नाटकाला जाणं म्हणजे आईबरोबर ठरलेल्या खुर्चीवर बसणं असू शकतं, त्यातून माणसांची आवड सिद्ध होत नाही. म्हणून आकड्यापेक्षा प्रत्येक उत्तरापुढे एक खरं उदाहरण लिहा. डॉक्टरांना तेच उपयोगी पडतं.

निदानात लहानपण लागतंच. डीएसएम-५ या मानसिक निदानांच्या २०१३ च्या अमेरिकन नियमावलीत लक्षणं बालपणापासून असणं आवश्यक आहे, मग ती तेव्हा झाकली गेली असली तरी. आईला “मी वेगळी होते का?” विचारलं तर ती “छे, किती गुणी होतीस” म्हणेल. त्यापेक्षा नेमकं विचारा: गणपतीत आरतीच्या वेळी मी कुठे असायचे? केस कापताना काय व्हायचं? कोणती भाजी ताटात दिसली तरी उठून जायचे? सुट्टीत कुणाबरोबर खेळायचे, आणि काय? एकच खेळ किती वर्षं? शाळेची प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर काढा. बाईंनी लिहिलेला “हुशार, पण मिसळत नाही” असा शेरा सोन्याच्या मोलाचा.

तपासणी मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतो. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. इंदुरात एमवाय रुग्णालय आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय हे सरकारी मार्ग आहेत, खासगी तज्ज्ञही आहेत. वेळ घेण्याआधी फोनवर विचारा: मोठ्या माणसांचं ऑटिझम मूल्यांकन करता का, किती बैठका, आईवडिलांशी बोलणार का, लेखी अहवाल देता का. “तुम्ही नजरेला नजर देता, म्हणजे ऑटिझम नाही” असं पाच मिनिटांत ऐकायला मिळालं तर दुसरं मत घ्या. नजर देणं शिकता येतं, आणि वर्षानुवर्षं तसं वागत राहण्याला मास्किंग म्हणतात.

निदान आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट या वेगळ्या गोष्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आरक्षणासारखे लाभ ४० टक्क्यांपासून. सर्टिफिकेट मेडिकल बोर्ड देतं, त्यासाठी इसा (आयएसएए) ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते, ज्यात ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. नीट बोलणारा, नोकरी करणारा माणूस तिथे कमी भरू शकतो. त्यानं तज्ज्ञाचं निदान खोटं ठरत नाही.

पहिल्या भेटीला दोन पानंच न्या: एकावर वहीतले पाच ठळक प्रसंग, दुसऱ्यावर बालपणाची उदाहरणं. फाईल जाड झाली की कुणी वाचत नाही. बोलणं अडेल असं वाटत असेल तर वरच लिहून ठेवा, “मला उत्तर द्यायला वेळ लागतो.” प्लग खिशात, पाण्याची बाटली, नंबर लवकर लागावा म्हणून ओपीडी उघडायच्या आधी पोचा, आणि त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका.